कल्हई केलेली तोफ

सकाळच्या चहाला हमिदाबींनी जाहीर केलं, की आज चार वाजता माकणीचा बब्रुवान त्यांची देग परत आणून देणार आणि आपला खुंटा घेऊन जाणार. रसूलभाईंच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. त्यांनी ते चमच्यानं शोधून पाहिलं, पण उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीनच दिवस झाले होते आणि डाव्या डोळ्यानं निवृत्तीच्या आधीच काम सोडलं होतं.

"खुंटा न्हाय. तोफ हाय ती," ते हिरव्या पट्टीआडून म्हणाले.

"पन्नास वर्सं त्याला म्हस बांधली त्यांनी. काय हाय ते म्हशीला इचारा."

गेले चार दिवस हमिदाबी मराठीतच बोलत होत्या. मुरुमच्या या गोलंदाजांच्या घरात माया दखनीतून व्हायची आणि भांडण मराठीतून, कारण भांडण भिंतीपलीकडच्या उमाशंकरला नीट कळलं पाहिजे, हा हमिदाबींचा लग्नापासूनचा दंडक. आणि यावेळचं भांडण कळण्यासारखंच होतं. त्या बहिणीकडं गुलबर्ग्याला गेल्या तीन दिवसांसाठी. तेवढ्यात रसूलभाईंनी मुलाचा, फिरोजचा, टेम्पो काढला, माकणीला गेले, बब्रुवानच्या गोठ्यात रुतलेली दोन हात लांबीची पितळी तोफ उपटली आणि तिच्या बदल्यात घरातली तांब्याची देग देऊन आले.

ती देग म्हणजे काही भांडं नव्हतं. ती हमिदाबींच्या माहेरची. काठावर त्यांच्या वडिलांचं नाव ठोकलेलं. या घरातली एकूण एक बिर्याणी तिच्यात शिजलेली, आणि नातू सादच्या वलीम्याची, म्हणजे लग्नाच्या जेवणाची, चारशे माणसांची नऊ दिवसांनी शिजायची होती. बब्रुवानला रसूलभाईंनी दुसरं काहीही माग म्हटलं होतं. तो म्हणाला, दुसरं काही नको, तुमच्या घरची ती मोठी देग द्या. तीच का, ते त्यानं सांगितलं नाही आणि रसूलभाईंनी विचारलं नाही. नवऱ्या मुलाला मुलगी कशी आहे हे विचारायचं सुचत नाही, तशी त्यांची गत झाली होती.

बरं, एवढ्यावर थांबावं. पण सादची सासरची माणसं गुलबर्ग्याहून येणार, त्यांच्यापुढं तोफ कशी चकाचक दिसली पाहिजे! रसूलभाईंनी कल्हईवाल्याला बोलावून तिला बाहेरून टोकापासून टोकापर्यंत कल्हई करून घेतली. इतकी वर्षं या घरात तांब्यापितळेचं जे आलं त्याला कल्हई झाली होती, तोफेलाही व्हावी यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. आता ती ओसरीवर, फिरोजनं ट्रॉलीच्या जुन्या आसापासून बनवलेल्या गाड्यावर, दुधाच्या कॅनसारखी चमकत पडली होती. तिच्यावर काही लिहिलेलं असेल तर ते कथिलाखाली गडप झालं होतं.

"दादी, मला चार वाजेपर्यंत वेळ द्या," अलिजा म्हणाली. ती फिरोजची मुलगी, पुण्यात पुरातत्त्व शिकत होती, आणि भावाच्या लग्नाला म्हणून आलेली ती दोन दिवसांपासून तोफेपाशीच मुक्काम ठोकून होती. "ती बडेमियाँचीच आहे की नाही, ते मी शोधून काढते."

सगळं घोडं बडेमियाँपाशी अडलं होतं. बडेमियाँ म्हणजे रसूलभाईंचे आजोबा, लोहाऱ्याकडच्या एका गढीवर जहागीरदाराचे गोलंदाज; गढी मोडल्यावर तिथली तोफ माकणीकडं गेली, असं रसूलभाईंच्या कानावर होतं. त्यांनी दीड कोसावरून दुश्मनाच्या हत्तीचा कान उडवला होता. निदान रसूलभाई चौथीत असल्यापासून तसं सांगत होते, आणि शेजारच्या बाकावरचा उमाशंकर चौथीत असल्यापासून हसत होता. तुझा आजा फटाके उडवत असंल, असं तो म्हणायचा. आता दोघंही पंचाहत्तरीचे झाले, शाळा पडून नवी बांधली, तरी उमाशंकर रोज सकाळी भिंतीवरून हत्तीची खुशाली विचारत होता. रसूलभाईंना मरायच्या आधी त्या माणसाचं तोंड एकदा बंद करायचं होतं. बाकी काही नको होतं.

हमिदाबींनी बशी खाली ठेवली.

"चार म्हंजे चार. खरंच बडेमियाँची निघाली तर माझी देग गेली, म्या शब्द काढनार न्हाय. न्हाय निघाली तर तोफ जाईल, आन् तिच्यासंगं तो हत्ती बी जाईल. पुन्यांदा या घरात हत्तीचं नाव न्हाय."

"कबूल," रसूलभाई म्हणाले, पण आवाज बारीक निघाला. एकतीस वर्षं एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांनी ज्या आवाजात गाड्या पुकारल्या, तो हा नव्हता.

*

फिरोजची बायको फरहाना कालपर्यंत सासूच्या बाजूनं होती. देग नाही तर वलीमा कसा होणार, असं तिनं परवा नवऱ्याला दोनदा सुनावलंही होतं. पण आज सकाळी कांदे चिरताना तिच्या डोक्यात एक विचार आला आणि तो जाता जाईना. देग नसली तर लातूरचा केटरर येईल, आपली पातेली घेऊन येईल, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्या देगेत बांबूएवढा झारा घालून खांदा मोडून घ्यावा लागणार नाही. पोटच्या पोराच्या लग्नात ती कोरी साडी नेसून खुर्चीत बसू शकेल.

देगेचा जाच नुसता वजनाचा नव्हता. तिचे कायदे होते. पहिला कायदा मिठाचा. देगेत मीठ डेढ मुठी, बस. हा कायदा फरहानाला हमिदाबींनी शिकवला, हमिदाबींना त्यांच्या सासूनं, बानूबाईंनी. डेढ मुठी कुणाची, बाईची की बाप्याची, हे विचारलं की उत्तर एकच: बडेमियाँचं माप हाय. जो माणूस कधी चुलीपुढं बसला नाही, त्याच्या मापानं हे घर शंभर वर्षं मीठ खात होतं.

"अलिजा," फरहाना कांद्याचा हात पुसत ओसरीवर आली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "काय मदत लागली तर सांग बरं."

अलिजानं आईकडं बघितलं. "काल तर तुम्ही म्हणत होता, नदीत टाका ती."

"काल काल हुतं."

फिरोजचं नेमकं उलटं झालं. ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवणारा माणूस, ढोकीच्या कारखान्याची अर्धी वाहनं त्याच्या वेल्डिंगखालून गेलेली. तोफेचा गाडा त्यानं हौसेनं केला होता, त्याला लाल-पिवळे रिफ्लेक्टरसुद्धा लावले होते. पण जुनी वस्तू आहे, सरकारदरबारी कळवावी लागेल, असं अलिजा सहज बोलून गेली आणि त्याचा चेहरा पडला.

"म्हंजे पोलीस येतेत का?"

"पोलीस नाही, अब्बू. कागद असतो एक."

"कागद आला की मागनं मानूस येतंय," फिरोज म्हणाला आणि उठून आईच्या बाजूला जाऊन बसला. हमिदाबींनी त्याच्यापुढं भजी सरकवली. गेले चार दिवस त्याला या घरात तळलेलं काही मिळालं नव्हतं.

अलिजाचं काम मात्र चालू होतं. तिनं तोफेच्या नळीत काठी घालून आतला ऐवज बाहेर काढला: गांधीलमाशीचं घर, एक गोटी, शेणाचा वाळका गोळा. मग दोरीनं मापं घेतली आणि फोटो काढून पुण्याच्या सरांना पाठवले. अकराच्या सुमाराला सरांचा फोन आला. सगळे मोबाईलभोवती जमले. हमिदाबी जमल्या नाहीत, पण त्यांनी पंखा बंद केला.

सर म्हणत होते, "अगं, ही लढाईची तोफ नाही. तोंड जेमतेम लिंबाएवढं, आणि नेम धरायला काहीच नाही. ही जहाजावरची इशाऱ्याची तोफ. धुक्यात आम्ही इथं आहोत हे सांगायला, बंदरात शिरताना सलामी द्यायला. गोळा नाही, नुसती दारू आणि आवाज. जहाज मोडीत निघालं की असल्या तोफा मुंबईत लिलावात जायच्या, आणि समुद्र न बघितलेले हौशी लोक त्या घेऊन जायचे. पण तिला कल्हई कुणी केली? कुठल्या शहाण्यानं?"

सगळ्यांनी रसूलभाईंकडं बघितलं.

"जहाज," फिरोज म्हणाला. "मुरुमला. आपल्या नदीत म्हस बसली तर पाठ कोरडी ऱ्हाती."

रसूलभाईंनी ओठ पुन्हा पुन्हा ओले केले. "गोळा न्हाय म्हंजे? अजाबात न्हाय?"

"नाही, दादा. नुसता आवाज," अलिजा आजोबांना म्हणाली.

"नुसता आवाज काढायचा," हमिदाबी आतून म्हणाल्या. "मग घरान्यातलीच दिसती."

त्यावर अलिजाला हसू आवरेना. फरहानानं पदर तोंडाला लावला. फिरोजनं भज्याचा घास घेतला, तोही हसण्याच्या नादात चुकीच्या नळीत गेला. एकटे रसूलभाई हसले नाहीत. पट्टीखालून पाणी येत होतं. ते ऑपरेशनचं असेल असं सगळ्यांनी धरून चाललं, पण ते ऑपरेशनचं नव्हतं. साठ-पासष्ट वर्षं ज्या हत्तीवर बसून हा माणूस गावात हिंडला, तो खालून निघून गेला होता.

*

कथिल काढायचं कसं, यावर वाद झाला. फिरोज ग्राइंडर घेऊन आला. अलिजा किंचाळली. फरहाना म्हणाली चिंच लावा. शेवटी हमिदाबी हातातली परात ठेवून बाहेर आल्या.

"सरका. कल्हई चढवली कशी ते ज्याला कळतं, त्यालाच उतरवता येती."

त्यांनी फिरोजला गॅसची बत्ती लांब धरायला लावली. आच बारीक, हात फिरता. एका जागी धरलास तर पितळ काळं पडंल. मोठ्या चिमट्यात कापसाचा बोळा धरून त्या वाट बघत बसल्या. कथिल आधी मळकट झालं, मग एकाएकी पाण्यासारखं थरथरलं, आणि त्यांनी बोळा असा फिरवला की चार बोटं पितळ पिवळंधमक उघडं पडलं. पुण्याची विद्यार्थिनी तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"दादी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"पन्नास वर्सं भांडी घासली ना गं माय. त्याला काय कालिज लागतं?"

मागच्या अंगाला कोरलेला एक नांगर निघाला, जहाजाचा. खाली इंग्रजी अक्षरं, अर्धी झिजलेली, आणि एक साल, एकोणिसाव्या शतकातलं. अलिजा कागद लावून पेन्सिल घासू लागली. म्हणजे जहाज खरं. पण बडेमियाँ कुठं होते त्यात? साडेतीन वाजून गेले होते. हमिदाबींनी बोळा बदलला आणि तोफेला बत्ती द्यायच्या भोकापाशी आल्या. तिथं कथिल निघालं, आणि खाली ओरखडे दिसले.

ओरखडे नव्हते ते. छिन्नीच्या टोकानं कुणीतरी लिहिलं होतं, उर्दूत.

अलिजानं मोबाईल धरला. मोबाईलनं आधी 'बकरी' सांगितलं, मग 'पावसाची शक्यता'. फिरोज उर्दू शाळेत तिसरीपर्यंत होता, त्याला अलिफ आठवलं. फरहाना रोज कुराण वाचायची, पण ते छापील, सगळी चिन्हं जागच्या जागी असलेलं. हे घसीट होतं, एकाही अक्षरावर नुक्त्याचं टिंब नसलेलं, कचेरीतल्या जुन्या मुन्शींच्या हाताचं वळण. रसूलभाईंनी हात पुढं केला आणि बोटांनी चाचपलं. त्यांना आलं असतं वाचता. चार दिवसांपूर्वी आलं असतं.

"हमिदा," ते म्हणाले, "काय लिवलंय?"

हमिदाबींचे वडील निजामाच्या कचेरीत मुन्शी होते. घसीट त्यांनी मुलीला गोष्टीसारखं शिकवलं होतं. त्या खाली वाकल्या, आणि त्यांना एका नजरेत वाचता आलं.

डेढ मुठी, बस.

त्या तशाच वाकून राहिल्या. एकाएकी त्या एकोणीस वर्षांच्या झाल्या, हातात मीठ, पुढं स्वतःच्या माहेरची देग, आणि सासूनं मनगटावर मारलेली चापट. डेढ मुठी, बस! बडेमियाँका माप हाय. पन्नास वर्षं त्या या मापाला मनातल्या मनात शिव्या देत आल्या होत्या. मिठाचं नव्हतंच ते. तोफेच्या दारूचं होतं. रमजानात गढीवरून रोजा सुटल्याचा बार व्हायचा, हे सासूच सांगायची; तो बार काढणाऱ्या माणसानं पोरांना, सुनांना, ज्याला त्याला बजावलेलं: डेढ मुठी घाला, जास्त घातली तर नळी फुटंल. तोफ गेली, गढी गेली, आणि बायकांनी ते माप उचलून चुलीवर आणलं. म्हणजे आजवर आपण या घराला बारुदीच्या हिशेबानं बिर्याणी घातली, असा त्याचा अर्थ.

आणि हे फक्त त्यांनाच माहीत होतं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. देग आली होती. कुणाचंही एखादं नाव सांगायचं, कुठल्याही तारखेवर ढकलायचं, की देग घरात आणि हत्ती घराबाहेर. म्हाताऱ्याच्या पट्टीखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. हमिदाबींना दिसत होतं. त्यांना रसूलभाईंचा भयंकर राग आला, कारण आता खोटं बोलता येणार नव्हतं.

"डेढ मुठी, बस," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "असं लिवलंय."

फरहानाच्या हातातलं फडकं खाली पडलं. कुणालाच काही समजवावं लागलं नाही.

रसूलभाईंनी बराच वेळ ते भोक आणि ती अक्षरं चाचपली. "म्हंजे तेच," ते म्हणाले. "बडेमियाँच." मग जरा दमानं, "आन् हत्ती?"

"हत्ती कुठला? गोळाच नव्हता तर कान कशानं उडवला? खोकून?" हमिदाबी म्हणाल्या. "येळ सांगत हुता त्यो. रोजा सुटला, उठा, खावा. तुमी गाड्या सांगत हुता, त्यो येळ सांगत हुता. कुनाचा जीव घेतला न्हाय त्यानं, बरंच झालं."

*

बब्रुवान दारात अवघडून उभा होता. त्याची बायको कडूबाई टेम्पोतून उतरून सरळ हमिदाबींपाशी आली.

"आना म्हनला फोनवर तर आनली बाई. आमचा काय जोर न्हाय. पर नऊच दिवसांवर, तुमच्या वलीम्याच्याच दिवशी, सृष्टीचं लगीन हाय, नातीचं. मला त्याच देगेत करायचं हुतं."

"तीच कशाला?" चार दिवसांचा प्रश्न हमिदाबींनी पहिल्यांदा विचारला.

"भूकंपात आली नव्हती का ती? एसटीच्या टपावर बांधून धाडली हुती तुमच्या मालकानं, तांदूळ-डाळीसकट. बारा दिवस आमचं गाव तिच्यात जेवलं. सृष्टीचा बाप दहा वर्सांचा हुता. बोलत नव्हता, खात नव्हता. तुमच्या देगेतली खिचडी खाल्ली त्यानं पयल्यांदा." कडूबाईंनी नाक ओढलं. "त्या दिसांत कशालाच चव नव्हती. त्या खिचडीला हुती. तवापासनं नजरंत हाय माझ्या."

हमिदाबींना ते बारा दिवस आठवले. देग न विचारता धाडली म्हणून तेव्हाही त्या बारा दिवस मराठीत बोलल्या होत्या. परत आली तेव्हा बूड कोळशासारखं झालं होतं आणि काठ एका जागी चेपला होता. तो चेपलेला काठ आता टेम्पोतून त्यांना दिसत होता. त्याच्या शेजारी वडिलांचं नाव.

"उतरवू का?" फिरोजनं विचारलं.

"नको." हमिदाबी टेम्पोपाशी गेल्या आणि काठावरून हात फिरवला. "शब्द दिलाय म्या. देग तुमची. पर वरल्या अंगाला कल्हई पातळ झाली, लग्नाआदी करून घ्या. आंबट घालून रात्रभर ठेवू नका. आन् मीठ..." त्यांनी काठावरचा हात काढून घेतला. "मीठ डेढ मूठ. बस."

"कुनाची मूठ?" कडूबाईंनी विचारलं.

हमिदाबींनी स्वतःची मूठ वळून तिच्यापुढं धरली. कडूबाईंनी आपली मूठ तिच्याशेजारी धरून बघितली आणि मान हलवली.

"आन् वलीमा?" टेम्पो गेल्यावर फिरोज म्हणाला.

"शिजवा तोफेत," हमिदाबी म्हणाल्या. फरहाना केटररचा नंबर शोधायला इतक्या चपळाईनं आत गेली की तिचा खांदा दुखतो यावर पुढं कुणाचा विश्वास बसला नाही.

रसूलभाई तोफेवर हात ठेवून बसले होते. "तुला खोटं वाचता आलं असतं," ते म्हणाले. "मला काय कळनार हुतं?"

हमिदाबींनी पदर खोचला. त्या अंगण ओलांडून भिंतीपाशी गेल्या, उलट्या बादलीवर चढल्या, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या.

"ओ उमाशंकरभाऊ! तोफ बडेमियाँचीच हाय! अक्षर गावलं त्यांचं, म्या वाचलंय! उद्यापासनं हासायचं न्हाय!"

पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग उमाशंकरचा. "आन् हत्ती ओ, भाभी?"

हमिदाबींनी बादलीवरूनच नवऱ्याकडं वळून बघितलं. तो हिरवी पट्टी बांधलेला म्हातारा श्वास धरून बसला होता.

"हत्तीचं अजून वाचायचंय!" त्या भिंतीपलीकडं ओरडल्या.

मग त्या खाली उतरल्या, पदरानं कपाळ पुसलं, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा, भिंतीपलीकडं जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या,

"चाय पीते क्या जी?"